कॅल्शियमचा पंप : उलट्या दिशेने

स्नायू सैल पडतो तो पेशीद्रवातलं कॅल्शियम उपसलं गेल्यामुळे. हे काम सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलात बसलेला पंप करतो: एका एटीपीच्या मोबदल्यात दोन कॅल्शियम आयन पेशीद्रवातून आतल्या साठ्यात. शिथिल स्नायूच्या पेशीद्रवात लिटरमागे मोलचा जेमतेम एक-कोटीवा भाग मुक्त कॅल्शियम उरतं. साठ्यात ते हजारो पटींनी जास्त असतं. पंपाच्या या चक्रावर एका वाचकाने मोलाचा प्रश्न विचारला आहे. साठा भरलेला असताना कॅल्शियमला याच पंपातून परतीची वाट मिळाली, तर एटीपी पुन्हा तयार होईल का?

एटीपी तयार होतं, आणि हे १९७१ पासून माहीत आहे. हायडेलबर्गमध्ये विल्हेल्म हासेलबाख आणि माडोका माकिनोसे यांनी स्नायूतून वेगळ्या केलेल्या रेटिक्युलमच्या सूक्ष्म पिशव्या आधी कॅल्शियमने भरून घेतल्या. मग बाहेरच्या द्रावणात ईजीटीए घालून तिथलं मुक्त कॅल्शियम जवळपास संपवलं आणि एडीपी व फॉस्फेट पुरवलं. पिशव्यांतलं कॅल्शियम बाहेर वाहू लागलं, तसं एटीपी बनू लागलं. दोन आयनांमागे एक रेणू. एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही असले तरच या ओघाला जोर येत होता. म्हणजे कॅल्शियम पटलातून नुसतं झिरपत नव्हतं, ते पंपातून येत होतं.

ही उलटी वाट फॉस्फेटपासून सुरू होते. सुलट चक्रात एटीपीचा शेवटचा फॉस्फेट पंपाच्या ३५१व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लावर बसतो. पण पेशीद्रवाच्या बाजूला कॅल्शियम नसेल, तर मोकळा फॉस्फेटही थेट त्याच जागी बसू शकतो, एटीपीशिवाय. तसा बसलेला फॉस्फेट मात्र एडीपी उचलू शकत नाही. कॅल्शियम साठ्याच्या बाजूने येऊन पंपाला चिकटलं की प्रथिनाचा आकार बदलतो आणि तोच फॉस्फेट एडीपीला देता येतो.

या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग १९७५चा, नोल्स आणि रॅकर यांचा. त्यांनी पंप शुद्ध स्वरूपात घेतला. पिशवी नाही, साठा नाही, पटलाच्या दोन बाजूंत कसलाही फरक नाही. कॅल्शियम नसताना आधी फॉस्फेट बसू दिला, मग एडीपीबरोबर भरपूर कॅल्शियम एकदम घातलं. तरीही एटीपी बनलं, अर्थात एकाच फेरीपुरतं. एटीपीची ऊर्जा फॉस्फेटच्या बंधातच कोंडलेली असते, ही शाळेपासूनची समजूत इथे अपुरी पडते. बंध तोच राहतो. कॅल्शियम चिकटल्याने प्रथिनाचं रूप पालटतं आणि त्या बंधाची किंमत बदलते. हे रूपांतर डोळ्यांना दिसलं ते टोकियोत चिकाशी तोयोशिमा यांच्या स्फटिकरचनांमध्ये. २००० सालच्या रचनेत कॅल्शियम धरलेल्या पंपाचे पेशीद्रवातले तीन भाग एकमेकांपासून दूर पसरलेले आहेत. २००२च्या कॅल्शियमविरहित रचनेत ते एकत्र मिटलेले आहेत.

जिवंत स्नायूत एटीपी मुबलक आणि एडीपी अगदी कमी असल्याने पंप एकंदरीत सुलटच चालतो. मात्र रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयात एडीपी आणि फॉस्फेट साचतात, एटीपीपासून मिळणारी ऊर्जा घटते, आणि पूर्वीइतकं कॅल्शियम साठ्यात चढवणं पंपाला झेपत नाही. ते पेशीद्रवात रेंगाळतं, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय पुरतं सैल होत नाही.