स्पोर्ट्स कारचे शौकीन पोटासाठी करतात तरी काय?

रविवारी सकाळी चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरणाऱ्या ठेंगण्या, रुंद आणि गुरगुरत जाणाऱ्या गाड्यांची रांग कधीकधी दिसते. चहाच्या टपरीवर थांबलेले लोक मोबाइल काढून छायाचित्रे टिपतात आणि गाड्या वळणाआड गेल्या की प्रश्न उरतो : 'ही माणसे करतात तरी काय?' उत्तर बहुधा ठरलेले असते. बांधकाम व्यावसायिक असतील, खाणमालक असतील, नाही तर वडिलोपार्जित पैसा असेल. आपल्याकडच्या रस्त्यांपुरते हे उत्तर फारसे चुकीचे नाही. मात्र ज्या ब्रिटनमध्ये या छंदाने घरोघरी मूळ धरले, तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत याच प्रश्नाचे उत्तर निराळे होते. तिथे या गाड्यांमागे पगारदार अभियंता, दंतवैद्यकाचा विद्यार्थी, कारखान्यातील उमेदवार आणि मेंढपाळ शेतकरी उभे होते. हा फरक कशामुळे पडला, हे समजून घेतल्यास आपल्याकडे हा छंद श्रीमंतांपुरता का राहिला, याचेही उत्तर मिळते.

स्पोर्ट्स कार महागच असावी लागते का?

नाही. गाडीचा वेग आणि चपळता केवळ इंजिनाच्या ताकदीवर अवलंबून नसते. ती ताकद किती वजन ओढते, यावर असते. वजन घटवले की साधे इंजिनही गाडीला पळवते, ब्रेक लवकर लागतात आणि वळणावर गाडी ताब्यात राहते. ब्रिटनमधील 'लोटस सेव्हन' ही १९५७ मध्ये आलेली दोन आसनी गाडी याचे ठळक उदाहरण. तिला दार नव्हते, छप्पर नावापुरते होते, वजन पाचशे किलोंच्याही आत होते आणि सुरुवातीच्या गाड्यांत फोर्ड कंपनीच्या साध्या कुटुंबी मोटारीतले ११७२ सीसीचे इंजिन होते. त्या इंजिनाची ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती होती. तरीही शर्यतीच्या मैदानावर ही गाडी तिच्याहून कितीतरी महाग गाड्यांना घाम फोडत असे.

एवढी स्वस्त गाडी आली कुठून?

तिची मुळे भंगारात आहेत. ऑस्टिन कंपनीने १९२२ ते १९३९ या काळात 'ऑस्टिन सेव्हन' नावाची छोटी मोटार सुमारे २ लाख ९० हजारांच्या संख्येने बनवली. युद्ध संपले तेव्हा या जुन्या गाड्या ब्रिटनभर पडून होत्या आणि अगदी थोड्या पैशांत मिळत होत्या. तिचे इंजिन ७४७ सीसीचे. म्हणूनच १९३९ मध्ये स्थापन झालेल्या शौकिनांच्या संस्थेचे नाव '७५० मोटर क्लब' पडले. जुनी ऑस्टिन घ्यायची, तिचे वरचे शरीर उतरवायचे, सांगाडा बळकट करायचा, पत्र्याचे नवे शरीर चढवायचे आणि रविवारी शर्यतीला जायचे, असा हा उद्योग होता. पैसा कमी लागे. वेळ, कसब आणि हातांची चिकाटी मात्र भरपूर लागे.

याच वाटेने कॉलिन चॅपमन पुढे आले. १९२८ मध्ये जन्मलेले चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अभियांत्रिकी शिकत असताना जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करून हातखर्च काढत. १९४७ मध्ये सरकारने खासगी वाहनांना मिळणारा पेट्रोलचा शिधा बंद केला, जुन्या गाड्यांचे भाव कोसळले आणि त्यांचा धंदा बुडाला. अंगावर पडलेल्या गाड्यांपैकी एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. तीच त्यांनी मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या घरामागील गॅरेजात नव्याने बांधली. १९४८ मधली ती गाडी म्हणजे पहिली लोटस. पुढे १९५२ मध्ये कंपनी सुरू करताना हेझल यांनी दिलेले २५ पौंड हे भांडवल होते, तर वडिलांच्या मद्यालयामागचा जुना तबेला हा कारखाना.

कंपनी निघाली तरी चॅपमन यांनी नोकरी सोडली नाही. दिवसा ते ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत अभियंता होते आणि संध्याकाळनंतर तबेल्यात गाड्या जोडत. त्यांचे सहकारी माइक कॉस्टिन हेही दिवसा डी हॅविलंड या विमान कंपनीत काम करत. दोघांनी नोकऱ्या सोडून पूर्ण वेळ लोटसला वाहून घेतले ते थेट १९५५ च्या प्रारंभी, म्हणजे पहिली गाडी बांधल्यानंतर सुमारे सात वर्षांनी. पुढे याच लोटसने फॉर्म्युला वनमध्ये उत्पादकांचे विश्वविजेतेपद सात वेळा पटकावले.

सामान्य पगारदाराला अशी गाडी कशी परवडे?

इथे कररचनेचा भाग येतो. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार नव्या मोटारीवर जबर खरेदी कर होता. मात्र गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात घेतली आणि ग्राहकाने ती स्वतः जोडली, तर हा कर लागत नसे. लोटससह अनेक छोट्या कंपन्यांनी ही पळवाट धरली. शाळामास्तर, कारकून, मेकॅनिक अशी माणसे संच घरी आणून गॅरेजात गाडी उभी करू लागली. संचासोबत जोडणीची माहिती देण्यास मनाई असल्याने लोटसने गाडी सुटी कशी करावी, याचीच पुस्तिका दिली आणि ग्राहकांनी ती शेवटाकडून वाचली, असा किस्सा शौकिनांत आजही सांगितला जातो.

ही सवलत १९७३ मध्ये संपली. त्या वर्षी खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि तो संचांनाही लागू झाला. लोटसने सेव्हनचे हक्क त्याच वर्षी कॅटरहॅम कंपनीला दिले. पण तोवर गाडी घरी बांधण्याची रीत रुजली होती. पुढे नियम कडक झाले तेव्हाही ब्रिटनने दार पूर्ण लावले नाही. घरी बांधलेली एकटी गाडीही तपासणीस नेता येते आणि ब्रेक, दिवे, धूर यांच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्यास ती रस्त्यावर आणता येते, अशी व्यवस्था तिथे १९९८ पासून आहे.

चालक मंडळी कोणत्या व्यवसायातली होती?

ग्रॅहम हिल हे लंडनच्या स्मिथ्स या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत उमेदवार होते. मोटार चालवण्याची परीक्षा ते १९५३ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी उत्तीर्ण झाले. त्याच सुमारास पाच शिलिंगांत ब्रँड्स हॅचच्या धावपट्टीवर शर्यतीच्या गाडीची एक फेरी, अशी जाहिरात त्यांनी पाहिली. एक पौंड म्हणजे २० शिलिंग; त्यांनी चार फेऱ्या मारल्या आणि आयुष्याची दिशा बदलली. लोटसमध्ये ते प्रथम मेकॅनिक म्हणून लागले. १९६२ आणि १९६८ मध्ये ते विश्वविजेते झाले.

टोनी ब्रुक्स हे मँचेस्टरमध्ये दंतवैद्यक शिकत होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये सिसिलीतील सिराक्यूज ग्रां प्रीसाठी त्यांना ऐनवेळी बोलावणे आले. त्याआधी त्यांनी अशी गाडी कधी चालवली नव्हती आणि परीक्षा तोंडावर होती. विमानात अभ्यासाची पुस्तके वाचत ते गेले आणि कॉनॉट या ब्रिटिश गाडीतून शर्यत जिंकून परतले. हेन्री सीग्रेव्ह यांच्या १९२४ मधील विजयानंतर ब्रिटिश चालकाने ब्रिटिश गाडीतून जिंकलेली ही पहिली ग्रां प्री होती. ब्रुक्स यांनी पदवी मात्र अर्धवट सोडली नाही.

अटलांटिकपलीकडे टेक्सासमध्ये कॅरोल शेल्बी कोंबड्या पाळत. पहिल्या खेपेत नफा झाला, दुसऱ्या खेपेतील कोंबड्या रोगाने मेल्या आणि धंदा बुडाला. एकदा शेतावरून थेट शर्यतीला आलेल्या शेल्बींच्या अंगावर कामाचा पट्ट्यापट्ट्यांचा डगला होता; तोच पुढे त्यांची ओळख बनला. १९५९ मध्ये त्यांनी रॉय साल्वाडोरी यांच्या साथीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागल्यावर त्यांनी १९६२ मध्ये 'कोब्रा' ही स्पोर्ट्स कार आणली.

मग भारतात हा छंद श्रीमंतांपुरता का?

पहिले कारण कराचे आहे. परदेशातून पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महागड्या मोटारीवर आपल्याकडे अनेक वर्षे तिच्या किमतीइतका किंवा त्याहून अधिक कर पडत आला आहे. त्यात नोंदणी, रस्ता कर आणि विमा मिळवला की आकडा पगारदाराच्या आवाक्याबाहेर जातो.

दुसरे कारण नियमांचे आहे. भारतात वाहन रस्त्यावर आणायचे तर उत्पादकाला त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था हजारोंच्या संख्येने गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना सोयीची आहे. गॅरेजात एकच गाडी बांधणाऱ्याला नाही. जुनी गाडी बदलून घ्यावी, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल केलेले वाहन चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेचा विचार करता या भूमिकेमागचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु चॅपमन यांची पहिली लोटस आज इथे बांधली गेली असती, तर तिला नोंदणी मिळवणे जवळजवळ अशक्य झाले असते, हेही तितकेच खरे.

प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. रेनॉच्या छोट्या इंजिनावर चालणारी, फायबरच्या शरीराची 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी गोव्यात तयार होत असे. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने तर थेट सेव्हनच्या धर्तीवर १.८ लिटर इंजिनाची 'रोडस्टर' बनवली. दोन्ही गाड्या थोड्याच संख्येने रस्त्यावर आल्या.

शर्यतीच्या मैदानावर नोंदणीचे हे बंधन नसते. तिथे चित्र थोडे आशादायक आहे. कोइम्बतूरच्या कापड गिरणी व्यवसायातील एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून 'फॉर्म्युला मारुती' ही स्वस्त शर्यतीची गाडी घडवली. ऑस्टिन सेव्हनने ब्रिटनमध्ये जे केले, तेच काम इथे मारुतीने केले. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांनी सुरुवातीच्या शर्यती याच गाडीतून केल्या. आज अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी 'बाहा'सारख्या स्पर्धांसाठी स्वतः गाड्या बांधतात. वाहन कंपन्या, चाचणी केंद्रे, जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणारी गॅरेजे येथे या कौशल्याला मागणी आहे.

छंदालाच उपजीविका करावे का?

वरील माणसांनी याचे एकच उत्तर दिले नाही. चॅपमन यांनी छंदाचा व्यवसाय केला, पण सुरुवातीची काही वर्षे पगार हातात ठेवून. ब्रुक्स यांनी आधी पदवी हाती घेतली, १९६१ मध्ये शर्यती थांबवल्या आणि पुढे स्वतःचे गॅरेज चालवले. शेल्बी पोल्ट्रीच्या अपयशातून या वाटेला लागले. आणि या छंदाची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही, हे जिम क्लार्क यांच्या वाट्याला आले.

क्लार्क हे स्कॉटलंडच्या सीमाभागातील शेतकरी. घरच्यांचा विरोध असताना ते परिसरातील छोट्या शर्यतींत उतरू लागले. लोटसमधून १९६३ आणि १९६५ मध्ये ते विश्वविजेते झाले. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे शर्यतीत त्यांची गाडी झाडांवर आदळली आणि वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. चर्नसाइड गावातील त्यांच्या समाधीवर विश्वविजेतेपदांची नोंद आहे. पण त्यांच्या व्यवसायाचा उल्लेख तिच्याआधी येतो. तिथे कोरले आहे : शेतकरी.