मुक्या वस्तूंचे दुभाषी

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे. परंतु येथील काही अडकित्ते पक्ष्यांच्या, काही प्राण्यांच्या, तर काही माणसांच्या आकृतींत घडविलेले आहेत. सहलीस आलेला मुलांचा एखादा घोळका तेथे येतो, कोणीतरी "अडकित्ते!" असे म्हणतो आणि क्षणार्धात सारी मुले पुढच्या दालनाकडे वळतात. डोळ्यांनी वस्तू पाहिलेली असते; मनाने मात्र ती पाहिलेली नसते.

अशा वेळी जवळ एखादा जाणता मार्गदर्शक असेल, तर तो मुलांना थांबवितो. तो व्याख्यान देत नाही, केवळ एक प्रश्न विचारतो : "सुपारी दगडानेही फुटते. मग ती कातरण्याच्या साधनावर कारागिराने एवढी मेहनत का घेतली असेल?" मुले पुन्हा काचेजवळ येतात व निरखून पाहू लागतात. कोणाला आजीचा पानाचा डबा आठवतो. कोणी म्हणते, "पाहुण्यांसमोर ठेवावयाचा असेल." बोलता बोलता मुलांच्या ध्यानी येते, की घरी आलेल्या माणसास पानसुपारी देणे हा त्याचा सन्मान होता आणि सन्मानाचे साधनही देखणे असावे, असे आपल्या पूर्वजांना वाटत होते. हे उत्तर त्यांना कोणी सांगितलेले नसते. ते त्यांनी स्वतः शोधलेले असते. म्हणूनच ते त्यांच्या स्मरणात राहते.

संग्रहालयात येणाऱ्या लोकांना पाहण्यास, विचारण्यास आणि शिकण्यास साहाय्य करणाऱ्या अशा व्यक्तीस अध्ययन-मार्गदर्शक म्हणता येईल. वस्तू घरात असते, तेव्हा तिचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. ती काचेच्या कपाटात आली, की तिचे घर, तिचा धनी आणि तिचे रोजचे काम ही सर्व तिच्यापासून दुरावतात. शेजारच्या पाटीवर तिचे नाव, गाव आणि काळ एवढेच लिहिता येते. वस्तू मुकी होते. तिची भाषा जाणणारा आणि पाहणाऱ्याचीही भाषा जाणणारा दुभाषी तेथे लागतो. मार्गदर्शक हे दुभाष्याचे काम करतो.

हे काम फार जुने नाही. एके काळी सामान्य लोक संग्रहालयास 'अजबखाना' म्हणत. कोलकात्याच्या संग्रहालयास 'जादूघर' हे नाव मिळाले. लोकांनी यावे, आश्चर्याने थक्क व्हावे आणि परत जावे, एवढेच पुष्कळदा घडत असे. पुढे काही विचारी माणसांना हे अपुरे वाटू लागले. अमेरिकेतील बॉस्टन येथील ललित कला संग्रहालयात बेंजामिन आयव्हस गिलमन यांच्या पुढाकाराने १९०७ च्या सुमारास लोकांबरोबर फिरून कलाकृती समजावून देणारे मार्गदर्शक नेमण्यात आले. त्यांना 'डोसेंट' असे नाव मिळाले. शिकविणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द बनला आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही १९११ साली असा मार्गदर्शक व्याख्याता नेमला गेला.

याच गिलमन यांनी १९१६ साली एका निराळ्या अडचणीकडे लक्ष वेधले. त्यांनी एका माणसास कपाटांतील वस्तू नीट पाहावयास सांगितले आणि तो पाहत असता त्याची छायाचित्रे घेतली. त्यांत तो कोठे कमरेत वाकलेला, कोठे मान तिरपी केलेला, तर कोठे जवळजवळ जमिनीशी टेकलेला दिसला. संग्रहालय पाहताना शरीर थकते आणि शरीर थकले, की दृष्टीही मंदावते, हे त्यावरून उघड झाले. म्हणून चांगला मार्गदर्शक सगळे संग्रहालय एका दिवसात दाखविण्याचा हट्ट धरीत नाही. तो पाच-सहा वस्तू निवडतो. मुलांना मधून मधून बसू देतो. स्वतः वस्तूच्या पुढे उभा न राहता बाजूस उभा राहतो आणि ठेंगण्या मुलांना पुढे घेतो. या गोष्टी लहान आहेत. परंतु त्या न पाळल्यास उत्तम माहितीही वाया जाते.

तथापि योग्य प्रश्न विचारणे आणि खरे तेवढेच सांगणे, हे त्याचे मुख्य कौशल्य होय. मुंबईच्या भायखळा भागात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या आवारात काळ्या पाषाणाचा एक प्रचंड हत्ती उभा आहे. पुष्कळ मुले त्याच्याकडे ओझरते पाहून आत धावतात. मार्गदर्शक त्यांना हत्तीभोवती एक फेरी मारावयास लावतो आणि विचारतो, "हा हत्ती अखंड आहे का? याचे मूळ घर कोठे असेल?"

मुले निरखू लागतात आणि मग त्या हत्तीची कथा उलगडते. हा हत्ती मूळचा मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरील. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तेथे आले. त्यांनी हा दगडी हत्ती पाहिला आणि त्यावरून बेटास 'एलिफंटा' हे नाव पडले. १८१४ साली हत्तीचे मस्तक गळून पडले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. परंतु उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणण्यात आले आणि १९१४ साली पुन्हा जोडून हत्ती उभा करण्यात आला. ज्या हत्तीने बेटास नाव दिले, तो आता बेटावर नाही. हे ऐकल्यावर मुले त्या सांध्यांकडे वेगळ्याच नजरेने पाहतात.

यानंतर एखादा मुलगा हमखास विचारतो, "हा हत्ती कोणत्या राजाने घडविला?" येथे मार्गदर्शकाची खरी परीक्षा होते. समोर उत्सुक चेहरे असतात. एखाद्या राजाचे नाव ठोकून दिले, तर मुले खूश होतील आणि कोणी पडताळूनही पाहणार नाही. पण तसे केल्यास ती चुकीची गोष्ट तीस मुले तीस घरी घेऊन जातील. प्रामाणिक मार्गदर्शक म्हणतो, "ते खात्रीने सांगता येत नाही. ते शोधण्यासाठी काय काय पाहावे लागेल, याचा आपण विचार करू." शिलालेख, दगडाची जात, कोरीव कामाची धाटणी, जुन्या प्रवाशांची वर्णने अशी साधने मग मुले आपणच सुचवू लागतात. न मिळालेल्या उत्तरातूनही त्यांना शोधाची वाट दिसते.

मार्गदर्शकास वस्तूंचीही काळजी घ्यावी लागते. "हात लावू नका" असे नुसते दरडावल्याने मुलांचा हिरमोड होतो. हाताच्या घामातील क्षारांनी धातू गंजतो व कापड डागाळते, हे कारण सांगितले, की तीच मुले वस्तूंची रखवालदार बनतात. जुनी चित्रे आणि वस्त्रे मंद प्रकाशात का ठेवतात, हेही तो समजावून देतो. तीव्र प्रकाशाने त्यांचे रंग उडतात. अंध मुलांसाठी मात्र स्पर्श हीच दृष्टी असते. त्यांच्या हाती मूळ वस्तूची प्रतिकृती देऊन तो त्यांनाही त्या ज्ञानात सहभागी करून घेतो.

ज्यांना संग्रहालयापर्यंत येणे शक्य नाही, त्यांचे काय? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली एका मोठ्या बसमध्येच फिरते संग्रहालय सुरू केले. बसबरोबर मार्गदर्शकही शाळांच्या दारी जातात. एखाद्या मुलाच्या वाट्यास अशी भेट कदाचित एकदाच येते. ती एकच भेट सार्थ करणे मार्गदर्शकाच्या हाती असते.

आता पुन्हा पुण्याकडे वळू. केळकर संग्रहालयातून निघताना मार्गदर्शक मुलांना शेवटचा प्रश्न विचारतो, "या संग्रहालयाच्या नावातील राजा कोण?" बहुतेक मुले उत्तर देतात, "कोणीतरी संस्थानिक असेल." वस्तुतः तो राजा म्हणजे दिनकर केळकर यांचा मुलगा. तो लहानपणीच वारला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून दिवे, भांडी, वाद्ये, अडकित्ते अशा हजारो वस्तू जमविल्या आणि तो सारा ठेवा आपल्या मुलाच्या नावाने समाजास दिला.

घोळका क्षणभर स्तब्ध होतो. मग एखादी मुलगी म्हणते, "आपण ते अडकित्ते पुन्हा एकदा पाहू या का?" मार्गदर्शक काही न बोलता वाटेतून बाजूस सरतो. मुले आत जातात. या वेळी त्यांना वाट दाखवावी लागत नाही.