शार्ङ्गदेवाचे खडे

'संगीतरत्नाकर' उघडणारे बहुतेक जण श्रुतींच्या भांडणात शिरतात आणि तिथेच अडकून पडतात. मला कित्येक वर्षं ओढ आहे ती पहिल्या अध्यायातल्या एका कोष्टकाची. त्याचं नाव खंडमेरू. ग्राम आणि मूर्च्छना ओलांडून आपण कूटतानांपाशी पोचतो (ख्यालातली तान इथे विसरायची, ही नुसती स्वरांच्या क्रमाची उलटापालट) आणि संगीताच्या ग्रंथात एकदम हिशेबाची वही उघडते.

ग्रंथकार जमाखर्चातलाच माणूस होता. आजोबा भास्कर काश्मीरातून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत राहिले आणि शार्ङ्गदेव स्वतः सिंघण राजाच्या (1210–1247) श्रीकरण खात्याचा प्रमुख झाला. सात स्वर, प्रत्येक एकदाच, तर क्रम किती? 5040. त्याला 56 मूर्च्छनांनी गुणलं की 2,82,240. इथवर नवल काही नाही. 'लीलावती'तला अंकपाश (1150) हेच शिकवतो, आणि भास्कराचार्यांचा (हा भास्कर वेगळा) नातू चांगदेव याच सिंघणाचा ज्योतिषी होता.

शार्ङ्गदेव याच्या पुढचं विचारतो. तान दिली तर ती यादीत कितवी? क्रमांक दिला तर तान कोणती? पहिलं उद्दिष्ट, दुसरं नष्ट. दोन्ही युक्त्या छंदशास्त्रातून आणलेल्या.

त्यांची उत्तरं देतो तो खंडमेरू. या कोष्टकाचे रकाने सात. पहिल्यात फक्त 1, दुसऱ्यात 0, 1; तिसऱ्यात 0, 2, 4; चौथ्यात 0, 6, 12, 18; असं करत सातव्यात 0, 720, 1440 पासून थेट 4320. आता 'ग सा म रे' ही तान घ्या. तिचा शेवटचा स्वर रे. मूळच्या 'सा रे ग म' मध्ये तो शेवटून तिसरा, म्हणून चौथ्या रकान्याच्या तिसऱ्या घरात, 12 वर, खडा ठेवायचा. ग्रंथात त्याला लोष्टक म्हटलं आहे. रे बाद. उरलेल्यांत शेवटी म. 'सा ग म' मध्येही तो शेवटचाच, म्हणून तिसऱ्या रकान्यात 0. मग सा: 'सा ग' मध्ये शेवटून दुसरा, म्हणून 1. एकट्या राहिलेल्या ग चा 1. बेरीज 14. चोवीसांतली चौदावी तान, यादी न मांडता सापडली! उलट दिशेनेही जमतं. सात स्वरांची 2000वी तान मी कागदावर काढली: म सा नि ध ग रे प.

या रकान्यांमागची, क्रमगुणितांवर (1, 2, 6 … 720) उभी असलेली अंकपद्धती फ्रान्सचे गणितज्ञ लेझां यांनी मांडली ती 1888 साली, शार्ङ्गदेवानंतर कितीतरी शतकांनी.

पण एवढा खटाटोप कशासाठी? 84 शुद्ध तानांना अग्निष्टोम, वाजपेय अशी यज्ञांची नावं आहेत. लाखांनी मोजायच्या कूटतानांचं बारसं कोण करणार? निनावी मालाला क्रमांक, हा शुद्ध कारकुनी तोडगा आहे आणि मला तो फार आवडतो. याला अरसिक म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याकडे पाहावं. तिथे मेरुखंड म्हणून हीच उलटापालट गळ्यावर चढवली गेली. चोवीसच्या चोवीस क्रम ओळीने म्हणून दाखवणारे गायकही असतात. ती हजेरी झाली. अमीर खाँसाहेबांच्या विलंबितात तसं होत नाही. रागाला न मानवणारे क्रम आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून ते सावकाश वेचतात. उदाहरणार्थ, मारवा रागात षड्जावर घाईने यायचं नसतं, पंचम तर वर्ज्यच. म्हणजे माझ्या 2000व्या तानेला तिथे दारातूनच परत जावं लागेल. शार्ङ्गदेवाच्या कोष्टकात मात्र राग नाही, म्हणून गळती नाही.

पाचव्या अध्यायात तो हाच उद्योग तालावर करतो. द्रुत 1, लघु 2, गुरू 4, प्लुत 6 अशी कालमानं धरली की दर द्रुतागणिक मांडण्या 1, 2, 3, 6, 10, 19, 33 अशा वाढत जातात. त्यावर कुणा तबलजीने रियाज केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.