शुश्रूषेचा मूळ अर्थ

'शुश्रूषा' हा शब्द आपण नित्य वापरतों. परंतु त्याची व्युत्पत्ति सहसा कोणी पाहत नाहीं. 'श्रु' म्हणजे ऐकणें. त्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द झाला. ऐकण्याची इच्छा, हा त्याचा मूळ अर्थ. सेवा हा अर्थ मागाहून आला. असाध्य रोग्याच्या उशाशीं बसणारानें हा मूळ अर्थ ध्यानांत धरावा, असें आम्हांस वाटतें.

आजाऱ्यास पाहावयास जाण्याची रीत आपल्यांत आहे; पण तेथें बोलतो तो पाहुणाच! 'कांहीं होत नाहीं, बरे व्हाल,' असें म्हणून तो उठतो. आपण बरे होणार नाहीं हें ज्यास उमगलें आहे, त्याला देण्याघेण्याविषयीं, मुलाबाळांविषयीं, क्वचित् स्वतःच्या भीतीविषयीं कांहीं सांगावयाचें असतें. तें ऐकावयास कोणीच नसतें. मृत्यूनंतरही तोच प्रकार. सुतकाच्या घरीं शेजारी पिठलें-भात पोंचवितात, ही चाल फार थोर होय. परंतु तेरावा सरला कीं दाराशीं कोणी फिरकत नाहीं, आणि खरें एकटेपण तेव्हांच सुरू होतें.

हें धर्माचें काम नव्हे काय? आमच्या वऱ्हाडच्या गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) कीर्तनाबरोबर धर्मशाळाही उभारल्या. दादर येथील त्यांच्या नांवाच्या धर्मशाळेंत परगांवचे कर्करोगी व त्यांचे आप्त आजही उतरतात. वांद्र्यास १९८६ सालीं निघालेल्या 'शांति अवेदना सदनां'त ख्रिस्ती जोगिणी मरणोन्मुख रुग्णांची सेवा करितात. लंडन येथें १९६७ सालीं असेंच रुग्णालय काढणाऱ्या सिसिली साँडर्स या विदुषी सांगत कीं, शरीर, मन, संसार व आत्मा या चोहोंच्या वेदना मिळून रोग्याचें एकच दुःख होतें. त्यांपैकीं वैद्याच्या आटोक्यांतील भाग थोडा, उरलेला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा.

मलकापुरांत मोठें सदन निघेल तेव्हां निघो. येथील भजनी मंडळांनीं तूर्त एवढें करावें : दोघांनीं मिळून आठवड्यांतून एकदां रोग्याकडे जावें, 'कसें वाटतें?' असें विचारून गप्प बसावें. त्याच्या इच्छेवांचून पोथी उघडूं नये. पूर्वजन्मींचें पाप काढूं नये. चमत्काराची आशा लावूं नये. रात्रंदिवस जागणाऱ्या गृहिणीस दोन घटका निजूं द्यावें. वेदना असह्य असतील तर घरच्यांस सांगून डॉक्टरांस कळवावें. ऐकलेलें बाहेर बोलूं नये. आणि तेराव्यानंतर महिन्याने, पुढें पहिल्या दिवाळीस, त्या घरीं अवश्य जावें. गेलेल्या माणसाचें नांव तेथें मोकळेपणें घ्यावें. घरच्यांस तेंच हवें असतें.

यांस पैका लागत नाहीं, पांडित्यही लागत नाहीं. कान मात्र लागतो.