वादग्रस्त प्रदेश 'देश' केव्हा ठरतो? राज्यत्वाचे निकष आणि मान्यतेचा प्रश्न : एक विवेचन

गोषवारा

लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक राज्यशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकविले जातात. हे चारही घटक असूनही काही प्रदेशांना जग देश मानत नाही. उलट, यांपैकी एखादा घटक प्रत्यक्षात नसतानाही काहींचे देशपण अबाधित राहते. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे तपासली आहेत. त्यासाठी सोमालीलँड, सोमालिया, तैवान, कोसोवो, पॅलेस्टाईन, बांगलादेश तसेच १९५४ ते १९६१ या काळातील दादरा व नगर हवेली या उदाहरणांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : राज्यत्व, मान्यता, स्वयंनिर्णय, प्रादेशिक अखंडता, सार्वभौमत्व.

१. प्रस्तावना

'जगात एकूण देश किती?' हा प्रश्न वरवर पाहता सामान्यज्ञानाचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांची सदस्यसंख्या १९३ आहे. व्हॅटिकन व पॅलेस्टाईन या दोन निरीक्षकांची भर घातली तर ती १९५ होते. तैवान व कोसोवो मोजायचे ठरवले तर ती आणखी वाढते. म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मोजणीवर अवलंबून नसून, 'देश' कोणास म्हणावे याविषयी आपण स्वीकारलेल्या निकषावर अवलंबून आहे.

मराठीत या विषयाची चर्चा करताना शब्दांचीही अडचण येते. 'राज्य' म्हणताच विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र किंवा कर्नाटक येते. 'राष्ट्र' या शब्दात समान इतिहास व अस्मितेची भावना अभिप्रेत असते. 'देश' हा शब्द तर इतका लवचीक आहे की कोकणातून घाट चढून वर आलेला मनुष्यही 'देशावर' येतो. प्रस्तुत लेखात 'देश' हा शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यातील सार्वभौम राज्य या मर्यादित अर्थाने योजला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) राज्यत्वाचे प्रचलित निकष स्पष्ट करणे.
२) मान्यतेविषयीच्या दोन प्रमुख सिद्धांतांची बलस्थाने व मर्यादा दाखविणे.
३) वादग्रस्त प्रदेशांच्या उदाहरणांवरून निर्णायक ठरणाऱ्या अन्य घटकांचा शोध घेणे.
४) अध्यापनाच्या दृष्टीने या प्रश्नाची अधिक नेमकी मांडणी सुचविणे.

३. माँटेव्हिडिओ करार आणि त्याच्या मर्यादा

राज्यत्वाच्या निकषांची सर्वाधिक उद्धृत होणारी मांडणी २६ डिसेंबर १९३३ रोजी उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे अमेरिका खंडांतील राज्यांनी केलेल्या करारात आढळते. त्याच्या पहिल्या कलमानुसार राज्याजवळ स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध प्रस्थापित करण्याची क्षमता असावी लागते. तिसऱ्या कलमात राज्याचे राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसल्याचे म्हटले आहे. वस्तुतः हा एका प्रादेशिक परिषदेतील करार होता. तथापि, कालांतराने तो सार्वत्रिक मापदंड म्हणून वापरला जाऊ लागला.

हे निकष व्यवहारात बरेच सैल आहेत. किमान लोकसंख्येची अट नाही. सुमारे २१ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि जेमतेम बारा हजारांच्या आसपास वस्तीचा नौरू हा संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. सीमा पूर्णपणे निश्चित असाव्यात अशीही अपेक्षा नाही. इस्रायलला ११ मे १९४९ रोजी सदस्यत्व मिळाले तेव्हा त्याच्या सीमांचा प्रश्न सुटलेला नव्हता. शासनाच्या निकषाची गोष्टही निराळी नाही. १९९१ नंतर सोमालियात अनेक वर्षे परिणामकारक केंद्रीय शासन नव्हते, तरीही त्याचे राज्यत्व संपुष्टात आल्याचे कोणी मानले नाही. यावरून असे दिसते की, नव्याने देश होऊ पाहणाऱ्यास हे निकष काटेकोरपणे लावले जातात, तर एकदा देश झालेल्यास ते फार सौम्यपणे लागू होतात.

४. मान्यतेचे दोन सिद्धांत

मान्यतेच्या कार्याविषयी दोन विचारप्रवाह आहेत. निर्मायक सिद्धांतानुसार इतर राज्यांच्या मान्यतेमुळेच राज्य आंतरराष्ट्रीय व्यक्ती बनते. घोषणात्मक सिद्धांतानुसार राज्य वस्तुस्थितीतून निर्माण होते आणि मान्यता ही त्या वस्तुस्थितीची केवळ कबुली असते. माँटेव्हिडिओ करार हा दुसऱ्या पक्षाचा आहे.

पहिला सिद्धांत स्वीकारल्यास एकच प्रदेश एका देशाच्या दृष्टीने राज्य आणि दुसऱ्याच्या दृष्टीने राज्य नाही, अशी अवस्था उद्भवते. शिवाय किती देशांची मान्यता पुरेशी, याचे उत्तर हा सिद्धांत देत नाही. दुसरा सिद्धांत स्वीकारल्यास बळाने प्रदेश बळकावून तेथे शासन बसविणाराही वस्तुस्थितीचाच दाखला देऊ शकतो. जपानने मांचुरियात उभे केलेले 'मांचुकुओ' हे राज्य याचे ठळक उदाहरण होय. लोकसंख्या, भूप्रदेश व प्रशासन ही सर्व बाह्य लक्षणे तेथे होती. परंतु लिटन आयोगाच्या १९३२ च्या अहवालानंतर राष्ट्रसंघाने मान्यता नाकारली आणि १९३३ मध्ये जपानने राष्ट्रसंघ सोडण्याची घोषणा केली. हर्श लॉटरपॅक्ट यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात निकष पूर्ण करणाऱ्यास मान्यता देणे हे इतर राज्यांचे कर्तव्य असल्याचे मांडून या पेचातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. राज्यांच्या प्रत्यक्ष वर्तनाने मात्र हे कर्तव्य स्वीकारलेले दिसत नाही.

५. वस्तुस्थितीपलीकडील निर्णायक घटक

५.१ उगमाची वैधता : प्रदेशावरील ताबा कसा आला, हा प्रश्न विसाव्या शतकात ताब्याइतकाच महत्त्वाचा ठरला. ऱ्होडेशियातील गौरवर्णीय अल्पसंख्य राजवटीने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी एकतर्फी स्वातंत्र्य घोषित केले. तिचे प्रशासन सक्षम होते, परंतु सुरक्षा परिषदेने तिला मान्यता न देण्याचे आवाहन केले. अखेर १९८० मध्ये बहुमताच्या शासनासह झिंबाब्वे स्वतंत्र झाला. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने 'स्वतंत्र' केलेल्या ट्रान्सकीला स्वतः दक्षिण आफ्रिकेखेरीज कोणीही जुमानले नाही, कारण ते स्वातंत्र्य वर्णद्वेषी धोरणाचाच भाग होते. १९८३ मध्ये घोषित झालेले उत्तर सायप्रसचे तुर्की प्रजासत्ताक सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ५४१ अन्वये कायद्याने अग्राह्य ठरवले.

५.२ मूळ राज्याची संमती : दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला आणि अवघ्या पाच दिवसांत संयुक्त राष्ट्रांचा १९३ वा सदस्य बनला. सुदानने सार्वमताचा कौल स्वीकारला होता, हे या वेगाचे प्रमुख कारण होय. याउलट सोमालीलँडचा प्रवास पाहावा. पूर्वीचा हा ब्रिटिश संरक्षित प्रदेश २६ जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि १ जुलै रोजी इटालियन प्रशासनाखालील सोमालियाशी एकरूप झाला. यादवीनंतर १८ मे १९९१ रोजी त्याने पुन्हा स्वातंत्र्य घोषित केले. हार्गेसा येथे त्याचे स्वतःचे शासन आहे, स्वतःचे चलन आहे आणि निवडणुकांतून सत्तांतरेही झाली आहेत. २०२३ मध्ये पूर्वेकडील लास अनोद परिसरावरील ताबा त्याने गमावला, हेही येथे नोंदविले पाहिजे. तरीही तीन दशकांहून अधिक काळ संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने त्यास मान्यता दिली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इस्रायलने ती प्रथम दिली. आफ्रिकी राज्यांनी १९६४ च्या कैरो येथील ठरावात स्वातंत्र्यसमयीच्या सीमांचा आदर करण्याचे तत्त्व स्वीकारले होते. गंमत अशी की, या तत्त्वाचा आधार दोन्ही बाजू घेतात. सोमालिया १ जुलै १९६० च्या सीमा दाखवतो, तर सोमालीलँड २६ जूनच्या.

५.३ महासत्तांचे हितसंबंध : तैवानची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लक्ष आहे. तेथे निवडून आलेले शासन, सैन्य व स्वतंत्र अर्थव्यवस्था आहे. तथापि, २५ ऑक्टोबर १९७१ च्या ठराव क्रमांक २७५८ अन्वये संयुक्त राष्ट्रांतील चीनचे स्थान पेकिंग शासनाकडे गेले. जानेवारी २०२४ मध्ये नौरूने संबंध तोडल्यानंतर तैवानशी औपचारिक राजनैतिक संबंध असणाऱ्यांची संख्या व्हॅटिकनसह केवळ बारा उरली. मात्र २००२ पासून तैवान स्वतंत्र जकात क्षेत्र या नात्याने जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहे. भारताचेही १९९५ पासून तैपेई येथे प्रतिनिधी कार्यालय आहे. येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. तैवानने 'चीनचे प्रजासत्ताक' हे अधिकृत नाव सोडून वेगळ्या राज्याची औपचारिक घोषणा केलेली नाही. आपण देश आहोत असा स्पष्ट हक्क सांगणे, हीदेखील राज्यत्वाची एक पायरी आहे.

कोसोवोने हा हक्क १७ फेब्रुवारी २००८ रोजी सांगितला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ जुलै २०१० च्या सल्लागार मतात ही घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करीत नाही असे म्हटले. अनेकदा यावरून न्यायालयाने कोसोवोला देश ठरविल्याचे सांगितले जाते, ते बरोबर नाही. न्यायालयाने केवळ घोषणेचा विचार केला. कोसोवो राज्य आहे काय, या प्रश्नास त्याने हात घातला नाही. कोसोवो २००९ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँकेचा सदस्य आहे, परंतु संयुक्त राष्ट्रांचा नाही.

पॅलेस्टाईनचे चित्र नेमके उलटे आहे. १५ नोव्हेंबर १९८८ च्या घोषणेनंतर भारतासह अनेक देशांनी त्यास मान्यता दिली. २०१२ मध्ये १३८ विरुद्ध ९ मतांनी आमसभेने त्यास निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनीही मान्यता दिल्याने मान्यता देणाऱ्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. पण स्वतःच्या भूमीवरील प्रत्यक्ष नियंत्रण त्याजपाशी फारच अल्प आहे. सोमालीलँडजवळ शासन आहे पण मान्यता अत्यल्प, तर पॅलेस्टाईनजवळ मान्यता विपुल पण नियंत्रण अपुरे. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली असता कोणताही एक सिद्धांत पुरा पडत नाही, हे स्पष्ट होते.

६. भारतीय अनुभव

हा प्रश्न केवळ दूरदेशींचा नाही. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. या लढ्यात गोमंतकीयांबरोबर महाराष्ट्रातील स्वयंसेवकही होते. गायक-संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकी एक. परंतु हा प्रदेश लगेच भारतात विलीन झाला नाही. सुमारे सात वर्षे तेथील कारभार वरिष्ठ पंचायतीच्या नावाने चालला. पोर्तुगालने १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांच्यासाठी पोर्तुगालचा वाटेचा हक्क मान्य केला, सैन्य व शस्त्रांसाठी तो अमान्य केला आणि भारताने कर्तव्यभंग केला नसल्याचे ठरवले. १९६१ मध्ये वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला आणि दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतीय संघराज्याचा भाग झाला.

मधल्या सात वर्षांत दादरा व नगर हवेली हा देश होता काय? लोकसंख्या, भूप्रदेश व कारभार ही तीनही लक्षणे होती. पण स्वतंत्र देश म्हणून टिकून राहण्याची इच्छा नव्हती आणि कोणाची मान्यताही नव्हती. गोव्याच्या बाबतीतही वस्तुस्थिती १९ डिसेंबर १९६१ रोजी बदलली. पोर्तुगालने मात्र भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये मान्य केले.

बांगलादेशाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या. या कौलाला दडपशाहीने उत्तर मिळाल्यावर मार्च १९७१ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे ढाका मुक्त होण्यापूर्वीच, मान्यता दिली. १९७२ मध्ये चीनच्या नकाराधिकारामुळे संयुक्त राष्ट्रांचे दार बंद राहिले. पाकिस्तानने फेब्रुवारी १९७४ मध्ये मान्यता दिल्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सदस्यत्व मिळाले. ज्या भारताने बांगलादेशास मान्यता देण्यात पुढाकार घेतला, त्याच भारताने कोसोवोस मान्यता दिलेली नाही. वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु प्रादेशिक अखंडतेस प्राधान्य आणि अपवादात्मक दडपशाहीच्या प्रसंगी स्वयंनिर्णयास पाठिंबा, या दोन तत्त्वांतील तोल प्रत्येक राज्य आपापल्या परिस्थितीनुसार साधत असते, हेच यातून दिसून येते.

७. मान्यता नाकारण्याची किंमत

या चर्चेत तेथे राहणारा सामान्य माणूस सहसा विसरला जातो. ज्याच्या देशास मान्यता नाही त्याचे पारपत्र बहुतेक विमानतळांवर चालत नाही. त्याच्या शासनास जागतिक बँकेचे कर्ज मिळण्याची वाट बंद असते. या दृष्टीने नामिबियासंबंधीचे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे २१ जून १९७१ चे सल्लागार मत अत्यंत मोलाचे आहे. तेथील दक्षिण आफ्रिकेची उपस्थिती अवैध ठरवतानाच न्यायालयाने स्पष्ट केले की, अमान्यतेमुळे जनतेस आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या लाभांपासून वंचित ठेवले जाऊ नये. जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदी शासन अवैध आहे म्हणून निरर्थक ठरत नाहीत. राजवट अमान्य असू शकते, पण तिच्याखाली जन्मलेले मूल अमान्य असू शकत नाही, असे या मताचे सार सांगता येईल.

८. निष्कर्ष

१) राज्याचे चार घटक ही राज्यत्वाची आवश्यक अट आहे, मात्र पुरेशी अट नव्हे.
२) ताब्याचा उगम, मूळ राज्याची संमती, स्वतःचा स्पष्ट दावा आणि बलाढ्य राज्यांचे हितसंबंध हे घटक व्यवहारात निर्णायक ठरतात.
३) संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व हा राज्यत्वाचा भक्कम पुरावा आहे, पण ती अट नाही. स्वित्झर्लंडने ते २००२ मध्ये स्वीकारले. त्यापूर्वीही तो देशच होता.
४) अवैध मार्गाने आलेल्या राजवटीस मान्यता नाकारणे योग्यच आहे. मात्र त्याचा भार तेथील जनतेवर पडू नये.

या विवेचनाच्या आधारे अध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. वर्गात 'अमुक प्रदेश देश आहे का?' असा प्रश्न न विचारता 'तो कोणाच्या दृष्टीने, कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या आधारावर देश आहे?' असा विचारावा. नकाशावरील तुटक रेषांमागे माणसे राहतात आणि त्या रेषा केवळ भूगोलाने नव्हे, तर कायदा, नीती व सत्ता यांच्या संघर्षातून आखल्या जातात, याचे भान विद्यार्थ्यांस येणे हेच या घटकाच्या अध्यापनाचे खरे फलित होय.