उद्याच्या गोष्टी, कालच्या काळज्या

परवा दुपारची झाकपाक झाल्यावर मुलीच्या टेबलावरचं पुस्तक सहज चाळायला घेतलं. जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'. भविष्यकाळातली भयंकर गोष्ट, असं ऐकून होते. वाचू लागले आणि वाटलं, अगबाई, हे तर रेशनच्या रांगेतलं जग!

दाढीची पाती मिळत नाहीत, कॉफी खरी नाही, जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास. चॉकलेटचं रेशन तीस ग्रॅमवरून वीसवर येतं, आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर होतं की ते वीसपर्यंत 'वाढवलं'! वर लोक आभाराच्या मिरवणुका काढतात.

ऑर्वेलला हे शोधायला लांब जावं लागलं नाही. पुस्तक निघालं १९४९ मध्ये. ब्रिटनने १९४५ मध्ये महायुद्ध जिंकलं, पण तिथल्या गृहिणीची ओढाताण संपली नाही. युद्धात कधी न झालेलं पावाचं रेशनिंग १९४६ च्या जुलैत सुरू झालं आणि दोन वर्षं चाललं. खाद्यपदार्थांचं सगळं रेशनिंग उठायला १९५४ साल उजाडलं. ऑर्वेल स्वतः १९४१ ते ४३ बीबीसीवरून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करत होता. पत्नी आयलीन आधी सेन्सॉर खात्यात, मग अन्न मंत्रालयात. आहे त्या जिनसांत कसं भागवावं, हे रेडिओवरून बायकांना सांगणाऱ्या कामात ती होती. म्हणजे काय दडवायचं आणि कमी पडलेलं गोड करून कसं सांगायचं, दोन्ही घरातच ठाऊक!

मुलीने मग दुसरं पुस्तक हातात दिलं. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवूड यांचं 'द हँडमेड्स टेल', १९८५ सालचं. बाई ते लिहायला बसल्या १९८४ मध्ये, पश्चिम बर्लिनमध्ये. भिंत तेव्हा उभीच होती. त्यांचा नियम एकच: माणसांनी कधी ना कधी, कुठे ना कुठे केलेलं नाही, असं काही गोष्टीत घालायचं नाही. बायकांवर मुलं लादण्याचंच घ्या. रुमानियात सरकारला लोकसंख्या वाढवायची होती, म्हणून १९६६ पासून गर्भपातावर कडक बंदी होती.

या कादंबरीत एका दिवसात बायकांच्या नोकऱ्या जातात, बँकेतली खाती गोठतात, पैशांवर हक्क नवऱ्याचा. हीसुद्धा नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेत १९७४ चा कायदा होईपर्यंत बाईला कर्ज देताना बँका नवऱ्याची सही मागत. गोष्टीतला नवरा काही दुष्ट नाही हं. तो प्रेमाने समजावतो, मी सांभाळीन तुला. मला भीती वाटली ती तिथेच.

संध्याकाळी हे आल्यावर चहा देता देता विचारलं, "आपल्या लॉकरची किल्ली कुठे असते हो?"

हे हसले. "तुला कशाला ती काळजी? मी आहे ना!"

म्हटलं, "तुम्ही आहातच. पण मलाही माहीत असू दे."

किल्ली दाखवली बिचाऱ्यांनी. सोमवारी बँकेत जाऊन माझं पासबुकही भरून आणलं. तीन वर्षांच्या नोंदी राहिल्या होत्या. तुमचं कधी भरलंत?