हातमोज्यातली बोटे

रक्ततपासणीसाठी हात पुढे केला की सिस्टर दंडाला रबरी पट्टा आवळतात, कोपराच्या आतल्या खळग्यावरून बोट फिरवतात आणि एका जागी थांबतात. शीर डोळ्यांना दिसत नसली तरी बोटाला लागलेली असते. दाबली की दबते, सोडली की उसळून वर येते. मध्यंतरी माझे रक्त काढायला आलेल्या सिस्टरांना मात्र ती सापडेना. त्यांनी दोनतीनदा चाचपले, मग हातमोज्याच्या तर्जनीचे टोक फाडून टाकले आणि उघड्या बोटाने शीर शोधून सुई टोचली. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "मोज्यातून कळत नाही हो, सर."

हे करू नये, हे त्यांनाही ठाऊक होते. कावीळ-बी किंवा एचआयव्हीचे विषाणू रक्तातून पसरतात, आणि सुईच्या सर्वांत जवळ असते ते हेच बोट. मोजा सुईला अडवू शकत नाही हे खरे. पण रबरातून आरपार जाताना सुईच्या बाहेरचे बरेचसे रक्त पुसले जाते. मग एवढे संरक्षण कोणी फाडून का टाकावे? मोज्यातून खरोखरच कळत नाही का?

गंमत अशी की रबरी हातमोजे शस्त्रक्रियागृहात गाजले ते एका परिचारिकेच्या हातांसाठी. १८८९-९०च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइडच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत असे. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. (पुढे १८९० मध्ये दोघांनी लग्न केले!) रुग्णाच्या जखमेतला जंतुसंसर्ग मोज्यांमुळे कमी होतो, हे नंतर ध्यानात आले. वॉर्डातल्या रोजच्या कामात मोजे रुळले ते एड्सची साथ आल्यावर. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य समजूनच काम करावे, अशी शिफारस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८७ मध्ये केली.

आता बोटाकडे वळू. बोटाच्या टोकावर दोन ते तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगवेगळे कळतात. पाठीवर हेच अंतर चार सेंटिमीटरच्या आसपास लागते. इतकी तीक्ष्ण जाण देणारे स्पर्शग्राही काही उघड्यावर नसतात. बाह्यत्वचेच्या तळाशी किंवा तिच्याखाली ते दडलेले असतात. म्हणजे उघडे बोटसुद्धा एका अर्थी मोजा घातलेलेच असते! तपासणीच्या मोज्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. चांगला ताणून बसलेला एवढा पातळ थर निसर्गाने दिलेल्या आवरणात थोडीशीच भर घालतो. नाडीचा ठोका किंवा शिरेची उसळी हा पसरट, मऊ दाब असतो. तो या थरातून बऱ्यापैकी पोचतो. हरवतात ते बारीक तपशील: चिकटपट्टीची कड, अँप्युलवरची खूण, वस्तू निसटू लागल्याची पहिली थरथर.

ही थरथर फार मोलाची असते. १९८४ साली स्वीडनमध्ये जोहान्सन आणि वेस्टलिंग यांनी माणसांना सँडपेपर, मऊ चामडे आणि रेशीम लावलेल्या वस्तू उचलायला लावल्या. वस्तू जितकी गुळगुळीत तितकी पकड आपोआप घट्ट होत होती. पण निसटण्यापुरत्या जोरापेक्षा थोडीच अधिक. बोटे बधिर केल्यावर हा हिशेब बिघडला. मोज्याने बोट बधिर होत नाही, पण खबर अंधूक झाली की हात सावधगिरी म्हणून जास्त जोर लावतो. पाळीभर असे काम केल्यावर मनगट आणि कोपरापुढचे स्नायू भरून आले तर नवल नाही.

मोजा सैल असेल तर प्रकरण आणखी बिघडते. बोटाच्या टोकाशी सुरकुती पडते, आत हवा राहते, घामाने बोट मोज्याच्या आतच घसरते. आता घसरण्याच्या जागा दोन झाल्या, एक आत आणि एक बाहेर. बोटाला कळत नाही की सरकले ते काय! माझ्या मते 'मोज्यातून कळत नाही' या तक्रारीत रबरापेक्षा मापाचा दोष मोठा असतो. एकाच मापाची खोकी मागवली की लहान हाताच्या सिस्टरांनी काय करावे? रबराच्या प्रकारानेही थोडा फरक पडतो. नायट्राइल लॅटेक्सपेक्षा कमी ताणले जाते, त्यामुळे बोटांच्या नाजूक कामात काही चाचण्यांत लॅटेक्स किंचित सरस ठरले. पण लॅटेक्सची ॲलर्जी काहींना गंभीर होते. भुकटी लावलेल्या मोज्यांवर अमेरिकेत २०१७ पासून बंदी आहे.

उरतो प्रश्न शिरेचा. ती आधीच, स्वच्छ उघड्या हाताने शोधावी आणि जागा नीट लक्षात ठेवावी. मग मोजे घालावेत, जागा निर्जंतुक करावी आणि त्यानंतर तिथे बोट लावू नये. हा क्रम पाळला तर टोक फाडण्याची वेळ येत नाही. मात्र घाईच्या वॉर्डात तो पाळायला सवय लागते, आणि परिचर्येच्या विद्यार्थिनींचा सराव पहिल्या दिवसापासून योग्य मापाचे मोजे घालूनच व्हायला हवा.

वर्गात हे करून पाहता येईल. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वीतभर घ्या, पाणी भरून दोन्ही टोके घट्ट बांधा आणि पातळ स्पंजाखाली लपवा. डोळे मिटून ती शोधायला किती सेकंद लागतात, ते उघड्या बोटाने, मापाच्या मोज्याने आणि मुद्दाम मोठ्या मोज्याने मोजा. प्रत्येक वेळी ट्यूबची जागा बदला. तिन्ही प्रकारांचा क्रमही मुलागणिक बदलायला विसरू नका, नाहीतर सरावाने झालेली सुधारणा मोज्याच्या खाती जमा होईल. कुणाला रबराची ॲलर्जी असल्यास नायट्राइलचे मोजे वापरा. आकडे फळ्यावर मांडल्यावर मुलांना एकच विचारा: उघडे बोट आणि मापाचा मोजा यांत फरक जास्त पडला, की मापाचा मोजा आणि मोठा मोजा यांत?